तालुक्याच्या दवाखान्यात फॉरेन्सिक नर्स हवी का?

रातपाळीची सिस्टर
एकवीस वर्षं सोलापूर जिल्ह्यात सरकारी नोकरी झाली, म्हणून लिहिते. नवीन असताना एका दवाखान्यात रात्री भोसकलेला पोरगा आला. घाईत मी कात्री नेमकी चाकूच्या भोकातूनच घातली आणि शर्ट सरळ फाडला. मग तो रक्ताने ओला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून हवालदाराच्या हातात दिला. भोक सोडून कापायचं, कपडा सावलीत वाळवायचा, कागदी पाकिटात भरून सील करायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. ओलं कापड प्लास्टिकमध्ये कुजतं आणि डीएनए जातो. पोरगा वाचला, पुरावा मी घालवला.

अमेरिकेत मेम्फिसला १९७६ पासून प्रशिक्षित नर्स अत्याचारपीडितांची तपासणी करतात. आपल्या बीएस्सी नर्सिंगच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात फॉरेन्सिक नर्सिंग, म्हणजे पेशंट सांभाळताना कोर्टासाठीचा पुरावाही जपणं, हा विषय आलाय. मग प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, प्रत्येक पाळीला अशी एक तरी सिस्टर का नको?

काळा कोट
ताई, कळकळ समजते, पण कायदा वाचा. बलात्कारपीडितेची तपासणी कुणी करायची, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८४ नोंदणीकृत डॉक्टरच म्हणतं. पोक्सोच्या, म्हणजे बाल लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, कलम २७ प्रमाणे मुलीला महिला डॉक्टरनेच तपासायचं. मी आरोपीतर्फेही उभा राहतो. नर्सने नमुने घेतले तर माझा पहिला प्रश्न असेल, "तुम्हाला अधिकार कुणी दिला?" तिथे केस पडेल आणि भोगेल ती पोरगी.

मोहोळकर
माझाही विरोध, पण कारण वेगळं. माझी बायको स्टाफ नर्स आहे. रात्री चाळीस खाटांना दोघीजणी. साक्षीचं समन्स आलं की रातपाळी उतरून तशीच एसटीने सोलापूर कोर्टात जाते, दुपारपर्यंत बाकावर बसते आणि पुढची तारीख घेऊन परत येते. त्यात आता हे नवीन काम? आधी रिकाम्या जागा भरा.

रातपाळीची सिस्टर
वकीलसाहेब, सही डॉक्टरांचीच राहू द्या. पण डॉक्टर येईपर्यंतचा तास कुणाचा? पेशंट आमच्याच हातात असतो. अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, हे आईला आम्हीच सांगायचं. अत्याचारानंतर एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, ही आठवणही आम्हीच ठेवायची. टू फिंगर टेस्ट, म्हणजे पीडितेच्या योनीत दोन बोटं घालून तपासणं, करू नका, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. ते माहीत असलेली एक बाई तरी त्या खोलीत नको का?

परवाच एक लहान मुलगी आली, घरी तेलुगू बोलणारी. डॉक्टरांशी शब्द बोलली नाही. आमच्यातल्या एकीने तेलुगूत "जेवलीस का" विचारलं, तेव्हा ती रडली आणि मग बोलू लागली. ते बोलणं तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायला शिकवलेलं कुणीच नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

काळा कोट
जबाब पोलिसांनीच घ्यायचा. पण पोरगी जे आपणहून बोलली ते वेळ घालून केसपेपरवर तिच्याच शब्दांत असेल, तर मलाही ते खोडायला जड जाईल. प्रशिक्षण द्या, माझी हरकत नाही. अधिकार मात्र कायदा बदलल्याशिवाय नको.

मोहोळकर
आणि कोर्टाचा दिवस ड्युटीत धरा. ते लेखी आल्याशिवाय मी बायकोला नाव द्यायला सांगणार नाही.

रातपाळीची सिस्टर
मेट्रनबाईंना सोमवारी अर्ज देतेय. कोर्टाच्या दिवसाचा मुद्दा पहिला लिहिलाय, कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीत कागदी पाकिटं ठेवण्याचा दुसरा.