मदत हवी आहे: अँपिअर मूलभूत आणि कूलोम साधित, असं का?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी मी फर्स्ट पीयूसीच्या, म्हणजे अकरावीच्या, मुलामुलींचा भौतिकशास्त्राचा अभ्यास घेते. सगळी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. आता कॉलेजात शिकवणं इंग्रजीत आणि पहिलाच धडा एककांचा. तिथंच आम्ही अडलो आहोत.

मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्व्हिन, मोल, कँडेला ही सात मूलभूत एककं मुलं घडाघडा म्हणतात. बाकीची साधित, म्हणजे या सातांच्या गुणाकार-भागाकारातून आलेली. न्यूटन, ज्यूल, व्होल्ट फोडून दाखवा म्हटलं तर दाखवतात. परीक्षेपुरतं भागेल. पण एका मुलीनं विचारलं, "विद्युतधारा म्हणजे एका सेकंदात किती प्रभार वाहिला ते. मग प्रभार आधी, धारा नंतर. कूलोम मूलभूत असायला हवा आणि अँपिअर साधित. पुस्तकात उलटं का?"

मी तिला जुनी व्याख्या सांगितली: निर्वातात एक मीटर अंतरावर दोन समांतर, अतिशय लांब तारा, दोन्हींतून सारखीच धारा, आणि तारेच्या दर मीटरमागे २ × १० चा उणे सातवा घात इतके न्यूटन बल असेल तर ती धारा एक अँपिअर. मग हेही सांगितलं की २० मे २०१९ पासून ही व्याख्या गेली आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२१७६६३४ × १० चा उणे एकोणिसावा घात कूलोम असा कायमचा ठरवून टाकला. त्यावर ती लगेच म्हणाली, "म्हणजे आता तर प्रभारच आधी आला की!" मला तिचं म्हणणं पटतं. मग अँपिअर अजून मूलभूत यादीत कशाला?

याला जोडून आणखी एक. गाईडमध्ये वाक्य आहे, "जे दुसऱ्या कोणत्याही एककावर अवलंबून नसते ते मूलभूत एकक." पण प्रकाश निर्वातात सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर जातो तो मीटर. म्हणजे मीटर सेकंदावर टेकलेला आहे. मग गाईडमधलं वाक्य मुलांना कसं शिकवू?

दुसरा प्रश्न वेगळा आहे. एका मुलाचे वडील बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कारखान्यात आहेत. त्यानं तिथल्या प्रेशर गेजचा फोटो आणला. त्यावर किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर असं लिहिलंय. पुस्तकात दाबाचं एकक पास्कल, म्हणजे किलोग्रॅम भागिले (मीटर × सेकंद वर्ग). गेजवर सेकंद कुठं गेला, असं तो विचारतो.

"तेवढं पाठ करायचं" असं उत्तर मला नको आहे. भाषा बदलल्यामुळं ही मुलं कॉलेजच्या वर्गात गप्प बसतात. इथं बोलायला लागली आहेत, तर त्यांना खरं उत्तर मिळालं पाहिजे. रविवारी पुन्हा बसणार आहोत.

टिळकवाडी_निवृत्त

ताई, त्या मुलीला आधी शाबासकी द्या. मी पीयूसीला बरीच वर्षं हा धडा शिकवला आहे आणि हा प्रश्न फार थोड्यांना पडतो.

मूलभूत असणं हा निसर्गानं लावलेला शिक्का नाही. ती माणसांनी केलेली निवड आहे. लांबी, वस्तुमान आणि काळ घेतले की यंत्रशास्त्र पुरतं. विजेकडे आलात की आणखी एक राशी हवी. इटलीच्या जिओव्हानी जॉर्जी यांनी १९०१ मध्ये हेच मांडलं: मीटर, किलोग्रॅम, सेकंद यांच्या जोडीला विजेचं एक चौथं एकक घ्या म्हणजे सगळं जुळतं. हे चौथं अँपिअर असो, कूलोम असो, ओहम असो किंवा व्होल्ट, गणिताला काहीच फरक पडत नाही. एक घेतलं की बाकीची त्यातून निघतात.

मग अँपिअर का? तर मोजता येत होता म्हणून. साठवलेला प्रभार गळतो आणि दमट हवेत तर तो टिकतही नाही. त्याच्यावरून देशोदेशी जुळणारं अचूक प्रमाण उभं करणं अवघड. पण धारा वाहणाऱ्या तारांमधलं बल तराजूच्या एका पारड्यात घेऊन दुसऱ्या पारड्यात वजनं टाकून मोजता येतं. तुम्ही सांगितलेली तारांची व्याख्या १९४८ च्या वजनमापांच्या सर्वसाधारण परिषदेत स्वीकारली गेली. १९५४ मध्ये सहा मूलभूत एककं ठरली, त्यांत अँपिअर होता. १९६० मध्ये या पद्धतीला एसआय (आंतरराष्ट्रीय एकक पद्धती) हे आजचं नाव मिळालं आणि १९७१ मध्ये मोल येऊन सात झाली. पाहा, सात हा आकडासुद्धा टप्प्याटप्प्यानं आलेला आहे. जुन्या सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीच्या एका प्रकारात तर विजेसाठी वेगळं एकक नव्हतंच. तिथं प्रभार बलावरून काढायचे, तिन्हींत काम भागायचं.

आता २०१९. त्या वर्षापासून या पद्धतीचा पाया म्हणजे सात ठरवून दिलेले स्थिरांक. सिझियमची वारंवारिता ९१९,२६,३१,७७० हर्ट्झ, प्रकाशाचा वेग, प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा प्रभार, बोल्ट्झमनचा स्थिरांक, अॅव्होगॅड्रोचा अंक आणि हिरव्या प्रकाशाची दीप्तिक्षमता. या सातांवरून कुठलंही एकक थेट काढता येतं, मग ते मूलभूत असो की साधित. पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयाची जी अधिकृत पुस्तिका आहे तिच्यातच हे म्हटलं आहे की आता मूलभूत आणि साधित अशी विभागणी तत्त्वतः आवश्यक नाही, पण उपयोगाची आणि रुळलेली असल्यानं ती ठेवली आहे. म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीनं जे पाहिलं ते बरोबरच आहे. अँपिअर यादीत आहे तो परंपरेनं आणि सोयीनं.

गाईडच्या वाक्याबद्दल. ते अर्धंच खरं आहे. व्याख्या आणि मिती (राशी कोणकोणत्या मूलभूत राशींपासून बनते ते) या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. व्याख्येत मीटर सेकंदावर टेकतो. प्लांकच्या स्थिरांकातून येणारा किलोग्रॅम मीटर आणि सेकंद या दोघांवर. केल्व्हिन या तिघांवर, कारण बोल्ट्झमनचा स्थिरांक ज्यूल प्रति केल्व्हिन असतो. कँडेलाही तिघांवर, कारण त्यात वॅट येतो. अँपिअर फक्त सेकंदावर. कुणावरही न टेकणारी दोनच: सेकंद आणि मोल. मोल तर निव्वळ मोजणी आहे, ६.०२२१४०७६ × १० चा तेविसावा घात इतके कण.

मितीचं तसं नाही. लांबी, वस्तुमान, काळ, धारा, तापमान, पदार्थाचं प्रमाण, दीप्ती या सात राशींपैकी एकही उरलेल्या सहांच्या गुणाकार-भागाकारानं मिळत नाही असं आपण धरून चालतो. स्वतंत्रपणा आहे तो इथं. फळ्यावर हे दोन रकाने शेजारी शेजारी काढा, मुलांना दिसेल.

निपाणीकर

सरांचं वाचून एक विचारतो. कँडेला कशाला लागतो मग? वॅटवरच टेकतो तर वॅट पुरे.

टिळकवाडी_निवृत्त

डोळ्यासाठी. तेवढ्याच वॅटचा लाल प्रकाश आणि हिरवा प्रकाश डोळ्याला सारखा उजळ दिसत नाही. ५४० × १० चा बारावा घात हर्ट्झ वारंवारितेच्या हिरव्या प्रकाशाला डोळा सगळ्यात जास्त दाद देतो, त्याला दर वॅटमागे ६८३ ल्यूमेन (डोळ्याला जाणवणाऱ्या प्रकाशाचं, कँडेलावरून आलेलं एकक) ठरवले आहेत. एलईडी दिव्याच्या खोक्यावर वॅट आणि ल्यूमेन दोन्ही छापलेले असतात, ते याचसाठी. हा मूलभूत यादीत असावा की नाही यावर जाणकारांतही दुमत आहे. माझ्या मते तो तिथं शोभत नाही.

उद्यमबाग_तपासणी

ताई, गेजचं मी सांगतो, माझं रोजचं काम तेच आहे.

गेजवरचा किलोग्रॅम हे वस्तुमान नव्हे, ते किलोग्रॅम-बल आहे. एक किलो वस्तुमानाला पृथ्वी जेवढ्या बलानं खाली ओढते तेवढं बल. त्यासाठी गुरुत्वत्वरण ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग हे १९०१ मध्येच ठरवलेलं आहे. पोराचा सेकंद इथं लपलाय बघा, या ९.८०६६५ च्या आत. एक किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे ९८,०६६.५ पास्कल. एक बार म्हणजे नेमके १,००,००० पास्कल. म्हणून गेजचा किलो आणि बार जवळजवळ सारखे दिसतात, दोन टक्क्यांचा फरक. बरीच माणसं एकच धरतात. रोजच्या कामात चालतं, तपासणीच्या कागदावर चालत नाही.

हे ठरवून दिलेलं त्वरण आहे, जागेवरचं नाही. बेळगाव विषुववृत्ताकडे आणि समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, इथं ते ९.७८ च्या आसपास भरतं. म्हणजे आपल्याकडे एक किलोच्या वस्तूचं वजन ९.७८ न्यूटन. वस्तुमान आणि बल वेगळे का ठेवायचे हे यातून मुलांना चांगलं सांगता येईल.

एक हिशेब द्या त्यांना. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ६३ मिलिमीटर, दाब १०० बार. क्षेत्रफळ साधारण ३,११७ चौरस मिलिमीटर. १०० बार म्हणजे १० मेगापास्कल, आणि एक मेगापास्कल म्हणजे नेमका एक न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. म्हणून बल ३१,१७० न्यूटन. किलोग्रॅम-बलात ३,१७८ च्या आसपास, तीन टनांवर. सुटा पास्कल कारखान्यात कुणी वापरत नाही, फार लहान पडतो.

आपल्या फाउंड्र्यांतल्या बिडाचंही तेच. भारतीय मानक २१० मध्ये एफजी २६० म्हणून ग्रेड आहे. तो २६० म्हणजे ओढून तोडायला किमान २६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर लागले पाहिजेत. त्या मुलाचे वडील ते आकडे रोज बघत असतील. घरी विचारू दे त्याला, वडिलांनाही बरं वाटेल.

जांबोटी_रोड

माझं एवढंच म्हणणं की साधित एकक शिकवताना सुरुवात विजेपासून करू नका. गुंठ्यापासून करा. ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. शेतकऱ्याच्या पोरांना हे पाठ असतं. फूट मूलभूत धरा, चौरस फूट साधित झाला. फूट टाकून मीटर घ्या, आकडा बदलतो, जमीन तेवढीच राहते. निवड माणसाची असते हे सर म्हणाले ते इथं लगेच कळतं.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, दोन रकान्यांचं आजच वहीत काढून घेतलं. दोन शंका राहिल्या. परीक्षेत व्याख्या विचारली तर मुलांनी काय लिहावं? आणि एका जुन्या पुस्तकात रेडियन आणि स्टेरेडियन "पूरक एककं" म्हणून तिसऱ्या गटात आहेत, ते शिकवू का?

टिळकवाडी_निवृत्त

पूरक हा गट १९९५ मध्ये रद्द झाला. रेडियन म्हणजे मीटर भागिले मीटर, मिती नसलेलं साधित एकक. तिसरा गट शिकवू नका. जुनी प्रश्नपत्रिका सोडवताना दिसला तर गोंधळू नये म्हणून एकदा कानावर घाला.

व्याख्येसाठी असं लिहू द्या: परस्परांपासून स्वतंत्र मानलेल्या राशींसाठी निवडलेली एककं ती मूलभूत, आणि त्यांच्या घातांच्या गुणाकार-भागाकारानं मिळतात ती साधित. यात "मानलेल्या" आणि "निवडलेली" हे शब्द गाळू नका. गुण कापले जाणार नाहीत आणि उत्तर खरं राहील.

आणि त्या मुलीला एक काम द्या. अँपिअर काढून कूलोम मूलभूत धरायचा आणि विजेची साधित एककं पुन्हा लिहायची. अँपिअरच्या जागी कूलोम भागिले सेकंद घातलं की झालं. फॅरडपासून सुरू करू दे. आजच्या पद्धतीत तो (सेकंदाचा चौथा घात × अँपिअर वर्ग) भागिले (किलोग्रॅम × मीटर वर्ग) आहे. कूलोम घेतला की (सेकंद वर्ग × कूलोम वर्ग) भागिले (किलोग्रॅम × मीटर वर्ग). चौथा घात गेला.

मलप्रभाकाठ

सर, रविवारी करून घेतलं. तिनं फॅरड तर केलाच, पुढं न सांगता ओहम आणि टेस्लाही केले. ओहम: (किलोग्रॅम × मीटर वर्ग) भागिले (सेकंद × कूलोम वर्ग). टेस्ला: किलोग्रॅम भागिले (सेकंद × कूलोम). आधी ओहममध्ये सेकंद घन होता आणि टेस्लात सेकंद वर्ग. बरोबर आहे का तेवढं बघा. तिचं म्हणणं, सगळीकडे सेकंदाचा घात कमीच झाला, मग कूलोमच बरा होता. आणि गेजवाल्या मुलानं वडिलांकडून एफजी २६० च्या तपासणीचा कागद वाचून आणलाय, त्यावर न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच आहे.

टिळकवाडी_निवृत्त

दोन्ही बरोबर. कारणही तिला शोधू दे: अँपिअरच्या पोटात एक सेकंद आधीच बसलेला असतो, तो बाहेर काढला की घात तेवढ्यानं उतरतो. कूलोम बरा होता की नाही, यावर मात्र तिला एक प्रश्न विचारा. आजही प्रयोगशाळेत अँपिअर बहुतेक वेळा व्होल्ट आणि ओहम यांच्या क्वांटम प्रमाणांवरून, ओहमच्या नियमानं उभा करतात. एक कूलोम उभा करायचा झाला तर ६.२४ × १० चा अठरावा घात इतके इलेक्ट्रॉन मोजावे लागतील. ते कसे मोजणार, हे तिनं सांगावं. उत्तर आलं की इथं लिहा, मी वाट बघतो.