क्वाड्रॅट फेकायचा की मोजून ठेवायचा?

प्रश्न (बीएस्सी दुसरं वर्ष, छत्रपती संभाजीनगर): हिमायत बागेत आमचं क्वाड्रॅटचं (जमिनीवर ठरावीक मापाची चौकट ठेवून आतली रोपं मोजायचं) प्रॅक्टिकल आहे. तीस मुलं, वेळ तीन तास. सीनियर म्हणतात, पाठमोरं उभं राहून चौकट मागे फेका. हे चालतं का? चौकट कशाची करावी? आणि हराळीची रोपं मोजायची कशी?

उत्तर १: फेकू नका. फेकणारा नकळत मोकळ्या जागेकडेच पाठ करतो, आणि चौकट घाणेरीच्या जाळीत अडकली की पुन्हा फेकतो. झुडपं नमुन्यात येतच नाहीत.

त्याऐवजी 20 × 20 मीटरचा तुकडा आखा. दोन टेप काटकोनात लावा (3-4-5 मीटरचा त्रिकोण करून कोन तपासा). कॅल्क्युलेटरवरचा रँडम आकडा 19 ने गुणा, 20 ने नाही, नाहीतर चौकट हद्दीबाहेर जाते. 0.637 आला तर 12.1 मीटर. दुसरा आकडा दुसऱ्या टेपवर. त्या बिंदूवर चौकटीचा डावा खालचा कोपरा ठेवायचा.

चौकट अर्धा इंची पीव्हीसी पाइपची, चार एल्बो लावून. आतलं माप 1 मीटर भरलं पाहिजे, बाहेरचं नव्हे. एक बाजू चिकटवू नका. झुडूप आलं की तीन बाजू सरकवून चौथी नंतर बसवता येते.

गट पाच जणांचे करा, प्रत्येकी पाच क्वाड्रॅट, म्हणजे एकूण 30. झाडाखालची सावली आणि उघडं गवत हे दोन तुकडे वेगळे आखा, त्यांचे आकडे एकत्र करू नका.

उत्तर २: हराळी मोजू नका. ती धावत्या खोडांनी पसरते, एक रोप कुठं संपतं हे कळत नाही. चौकटीवर दर 10 सेंमीला नायलॉन दोरी ताणा, 100 घरं होतात. निम्म्याहून जास्त हराळीने भरलेली घरं मोजा, तेच टक्के आच्छादन (हराळीने झाकलेली जमीन). सुतळी नको, ओली झाली की आकसते.

तरोटा, आघाडा, एकदांडी मात्र रोपागणिक मोजा. मूळ आत असेल तरच धरायचं. काठावरचं रोप डाव्या आणि वरच्या बाजूला असेल तर घ्या, उरलेल्या दोन बाजूंचं सोडा.

जर्नलमध्ये बहुतेकांचं चुकतं ते इथं: 10 क्वाड्रॅटपैकी 4 मध्ये मिळून तरोट्याची 60 रोपं असतील, तर घनता 6, विपुलता 15, वारंवारता (किती क्वाड्रॅटमध्ये रोप सापडलं) 40 टक्के. घनतेसाठी एकूण रोपांना सगळ्या क्वाड्रॅटनी भागायचं, विपुलतेसाठी फक्त रोप सापडलेल्या चारांनी. तरोटा थव्याने उगवतो, हे या दोन आकड्यांच्या फरकातूनच दिसतं. रिकामा क्वाड्रॅटसुद्धा शून्य म्हणून लिहायचा.

प्रश्नकर्ता: गाजर गवत फार आहे, उपटून मोजलं तर?

उत्तर ३: उपटू नका, जागेवरच मोजा. त्याने त्वचेला ॲलर्जी होते, परागाने दम्याचा त्रास वाढतो. पूर्ण बाह्या, हातमोजे, फुलोरा असेल तर मास्क. दमा असलेल्यांना नोंदवहीचं काम द्या. बाग कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे आहे, लेखी परवानगी आधी घ्या.