नोड मॉड्यूल्स उडवून काही होणार नाही

जेस्ट (जावास्क्रिप्ट कोडच्या टेस्ट चालवणारं टूल) 'जेस्ट-एन्व्हायर्नमेंट-जेएसडॉम' सापडत नाही अशी एरर देतं, त्यावर एका भाऊंनी नोड मॉड्यूल्सचं फोल्डर (प्रोजेक्टची पॅकेजेस जिथे उतरतात ते) उडवून पुन्हा इन्स्टॉल करायला सांगितलंय. त्यांचा उपाय इथे चालणार नाही. जेस्ट २८ पासून (एप्रिल २०२२) टेस्टना ब्राउझरसारखं वातावरण देणारं हे पॅकेज जेस्टसोबत येतच नाही. पॅकेज-जेसनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, त्याचं नावच नसेल तर दहा वेळा इन्स्टॉल करा, ते येणार कुठून? डेव्ह डिपेंडन्सी (फक्त डेव्हलपमेंटच्या वेळी लागणारं पॅकेज) म्हणून वेगळं टाकावं लागतं.

पण नुसतं टाकूनही भागत नाही, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. जळगावात आम्ही रावेरच्या केळी व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं अ‍ॅप करत होतो. एका सहकाऱ्याच्या मशीनवर जेस्ट २७ च राहिलं होतं आणि त्याने हे पॅकेज व्हर्जनचा आकडा न देता टाकलं, तर २८ आलं. मग 'अनडिफाइंडमधून एचटीएमएल वाचता येत नाही' अशी भलतीच एरर. अख्खी दुपार आम्ही आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो! जेस्ट आणि हे पॅकेज, दोन्हींच्या व्हर्जनचा मुख्य आकडा सारखा केला, लॉक फाइल (नेमकी व्हर्जन्स नोंदवणारी) गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, टाकली आणि सगळ्यांनी 'एनपीएम सीआय' (लॉक फाइलप्रमाणेच इन्स्टॉल करणारी कमांड) चालवलं, तेव्हा टेस्ट हिरव्या झाल्या, म्हणजे पास झाल्या.

आणि हो, ज्यांना डॉम (ब्राउझरमधल्या पानाची रचना) लागत नाही त्या टेस्ट नोडवरच (ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या वातावरणात) चालू द्या. जेस्ट २७ पासून डीफॉल्ट तेच आहे.