शनिवारच्या शाळा

एकांनी लिहिलंय की पोलिश लोक गोरे आणि ख्रिस्ती, त्यामुळे ब्रिटनमध्ये रुळायला त्यांना काही जड गेलं नसणार. मला हे पटत नाही. १ मे २००४ ला पोलंड युरोपीय संघात आला आणि शिकलीसवरलेली कितीतरी माणसं इकडे येऊन गोदामांत, पॅकिंगच्या कामाला लागली. घोडं अडायचं ते भाषेपाशी. आमची पोलिश शेजारीण तिकडे शिक्षिका होती, इथे पहिली तीन वर्षं तिने हॉटेलच्या खोल्या झाडल्या.

त्यांच्या शनिवारच्या शाळांचं, म्हणजे सुट्टीच्या दिवशी मुलांना पोलिश शिकवणाऱ्या शाळांचं, मात्र मला फार कौतुक वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथेच राहिलेल्या पोलिश कुटुंबांनी त्या सुरू केल्या (युद्धकाळात पोलिश निर्वासितांसाठी उभारलेल्या, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीतलेही बरेचजण १९४७-४८ च्या सुमारास इकडे आले). आता नव्याने आलेल्यांची पोरंही अशा शाळांत जातात. शेजारणीचा मुलगा आमच्याशी फाडफाड इंग्रजी बोलतो आणि आईने हाक मारली की त्याच दमात पोलिश.

नाताळच्या आदल्या रात्री त्यांच्याकडे एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. गेल्या वर्षी त्या ताटावर मी जेवलो.