गावतळ्यातील लहान बदके, गाळाचे काम आणि बांधावरचा आंबा

प्रश्न (यावल तालुका)
आमच्या गावतळ्यात आषाढापासून अगदी लहान बदकांच्या दोन जोड्या दिसत आहेत. नराचे तोंड, मान आणि पोट पांढरे असून गळ्याभोवती काळी पट्टी व पाठीवर हिरवी झाक आहे. मादी तपकिरी असून तिच्या डोळ्यावरून काळी रेघ जाते. ग्रामपंचायतीने लवकरच तळ्यातील सर्व वनस्पती काढून गाळ उपसण्याचे आणि बांधावरचा पोकळ झालेला जुना आंबा तोडण्याचे ठरवले आहे. उन्हाळ्यात गुरांना पाणी उरत नाही, त्यामुळे गाळ काढणे मलाही आवश्यक वाटते. हा पक्षी कोणता, आणि काम न अडवता त्याला वाचवता येईल का?

उत्तर (भुसावळ)
दादा, आपल्या वर्णनावरून हे काणूक बदक आहे. त्याची लांबी सुमारे ३० सेंटिमीटर असते आणि जगातील सर्वांत लहान बदकांमध्ये त्याची गणना होते. हतनूर जलाशयावर थंडीत उतरणारी अनेक बदके उत्तरेकडून येतात व परत जातात. काणूक मात्र आपल्याच देशात वीण करते आणि तीही ऐन पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये. अंडी ते पाण्याकाठच्या झाडाच्या ढोलीत घालते, आणि पिल्ले अंड्यातून निघाल्यावर लवकरच ढोलीतून खाली उडी घेऊन आईमागे पाण्यात जातात. म्हणून मला तळ्याइतकीच त्या आंब्याची काळजी वाटते. गाळ काढलेल्या तळ्यात कमळे पुन्हा उगवतील, परंतु तशी ढोली तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात.

उत्तर (रावेर)
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. या पक्ष्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून त्या कायद्यात अंडी किंवा घरटे नष्ट करणे हीसुद्धा शिकारच मानली जाते. शिवाय महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार आंबा तोडण्यासाठी पूर्वपरवानगी लागते, हे सरपंचांच्या नजरेस जरूर आणावे. गाळाचे काम पाणी आटल्यावर, चैत्र-वैशाखात करावे. तेव्हा वीणही नसते आणि यंत्रेही रुतत नाहीत. जलपर्णी असल्यास ती सगळी काढावी, कारण ती पाणी झाकून टाकते. कमळे व पाणगवत मात्र एका बाजूला, शक्यतो आंब्याकडील काठाला, राखून ठेवावे, कारण काणुकाचे खाणे मुख्यतः पाणवनस्पती आणि त्यांच्या बियांवर चालते.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचा मी मनापासून आभारी आहे. काल सायंकाळी बांधापासून दूर बसून पाहिले, तेव्हा मादी थेट आंब्याच्या ढोलीत शिरली आणि नर जवळच पाण्यावर थांबला होता. गाळाचे काम वैशाखात घ्यावे व आंबा वगळावा, असा लेखी अर्ज मी ग्रामसभेपुढे ठेवणार आहे.