विकेनहायझर फिनलंडला का गेली

कॅनडाची आइस हॉकीपटू (बर्फावरची हॉकी) हेली विकेनहायझर हिचं फिनलंडमधल्या पुरुषांच्या संघात खेळणं म्हणजे प्रसिद्धीसाठी केलेला खटाटोप, असं काही जण म्हणतात. अजिबात पटलं नाही. तेव्हा महिला हॉकीत कॅनडाला तोडीस तोड म्हणावी अशी अमेरिकाच होती. २००६च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाने इटलीला १६-० हरवलं, यावरून बाकीच्या सामन्यांचा कस कळतो. अशा सामन्यांवर कुणाचा खेळ वाढणार? फिनलंडच्या किर्ककोनुम्मी सालामात या पुरुषांच्या संघाकडून तिने २००३मध्ये गोल केला, पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीतला एका स्त्रीचा तो पहिलाच गोल.

एक मुद्दा मात्र कुणी मांडत नाही. महिला हॉकीत अंगावर धडक मारायला बंदी होती. १९९०च्या पहिल्या विश्वस्पर्धेत धडकेला परवानगी होती, नंतर ती काढून घेतली. पुरुषांत मात्र पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) घेऊन कडेच्या फळीपाशी पोचलात, की समोरचा खांदा घालून चेपणारच. नजर क्षणभर पकवर खिळली की संपलं. म्हणजे पक काठीवर असतानाच मान वर ठेवून पास शोधायचा, तोही आपल्यापेक्षा वजनदार माणूस अंगावर येत असताना. लहानपणी मुलांबरोबर खेळली असली तरी पंचविशीच्या तोंडावर हे परत अंगवळणी पाडणं सोपं नाही. चार ऑलिंपिक सुवर्णांइतकंच मला तिचं हे धाडस मोठं वाटतं. आणि २०१७मध्ये निवृत्त झाल्यावर ती वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाली, हेही नोंदवायलाच हवं.