मानसोपचार ओपीडीचे पहिले काही आठवडे : तुमचे अनुभव लिहा

मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढायला धीर लागतो, हे सगळेच सांगतात. चढल्यावर आत काय होतं आणि गोळ्या सुरू झाल्यावर पुढचा महिना-दीड महिना कसा काढायचा, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. नेमक्या त्याच काळात बरेचजण उपचार सोडतात, असं मी आजूबाजूला पाहते. म्हणून हा धागा.

सुरुवात मी करते. नैराश्यासाठी पुण्यातल्या एका खासगी दवाखान्यात जाते, बरीच वर्षं झाली. सिनेमात असतो तसा कोच तिथे होता, पण त्यावर फायलींचा ढीग होता. पहिली भेट लांबली. झोप, भूक, वजन, पाळी, दारू-तंबाखू, घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता का, असं सगळं विचारलं. त्याच ओघात, आवाज न बदलता, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हेही. मला उलट हायसं वाटलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला लिहून दिलं, कारण थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच मंदावतो. नंतरच्या भेटी दहा-पंधरा मिनिटांत आटोपतात. आपल्याला कटवलं असं समजू नका, ओपीडीची पद्धतच तशी आहे. त्यामुळे काय बोलायचं ते घरूनच लिहून न्या.

विनंती एकच : आपला डोस आणि डॉक्टरांची नावं इथे लिहू नका. एकाचा डोस दुसऱ्याच्या कामाचा नसतो.

नाशिककर

मी आधी हृदयाचाच पेशंट होतो म्हणा ना. छातीत धडधड, हातपाय गार, आता संपलं असं वाटायचं. रात्री-बेरात्री कॅज्युअल्टी गाठायची. ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल. शेवटी हार्टच्या डॉक्टरांनीच मानसोपचाराची चिठ्ठी दिली.

घबराटीवरची एस्सिटालोप्राम नावाची गोळी सुरू झाली. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधीच बजावलं होतं की सुरुवातीला मळमळेल, पोट बिघडेल, घबराट उलट थोडी वाढेलही. फरक जाणवायला २ ते ४ आठवडे, पूर्ण गुण कळायला ६ ते ८. तरी पहिल्याच आठवड्यात मी पाकीट फेकायला निघालो होतो. बायकोने फोन लावला. मॅडमनी गोळी अर्धी केली आणि जेवणानंतर घ्यायला सांगितली, मग निभावलं.

सोबत क्लोनाझेपाम होती, थोड्या दिवसांपुरती. ती कधी बंद करायची ती तारीख मॅडमनी चिठ्ठीवरच लिहून ठेवली होती. ही गोळी घेतली की लगेच बरं वाटतं, म्हणून हेच खरं औषध असं वाटायला लागतं. सवय लागते ती हिची. एस्सिटालोप्रामची तशी चटक लागत नाही, पण तीही एकदम तोडली तर चक्कर येते, डोक्यात झिणझिण्या येतात. डॉक्टर हळूहळू उतरवतात.

सांगलीची सून

आमचं सरकारी दवाखान्यातलं लिहिते. सासूबाई कोपऱ्यात बसून पुटपुटायच्या. ताटाला हात लावीनात, शेजारीण विष कालवते म्हणायच्या. देवऋषी झाला, अंगारा झाला, दंडाला गंडा बांधून झाला. मग आमच्या आशाताई म्हणाल्या, सिव्हिलला न्या. मनोविकाराची ओपीडी सगळीकडे रोज नसते, वार विचारून जावा. केसपेपरच्या रांगेतच सकाळ गेली. पैसे लागले नाहीत. आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहे, गोळ्याही तिथल्याच मिळाल्या.

डॉक्टरांनी विषावर वादच घातला नाही. ‘आजी, झोप लागते का?’ एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘कुठली झोप!’ मग झोपेचं औषध म्हणून गोळी घ्यायला तयार झाल्या.

काही दिवसांनी त्यांचे पाय एका जागी ठरेनात. सारख्या ओटीवर येरझाऱ्या. आम्हाला वाटलं आजार वाढला. फेरतपासणीला सांगितलं तर तो गोळीचाच परिणाम निघाला, डॉक्टरांनी डोस बदलून दिला. असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आता रात्री सासरे दोघांच्या गोळ्या काढतात, सासूबाईंची त्यांच्या हातावर, आपली बीपीची स्वतःच्या, आणि दोघं एका तांब्यातलं पाणी पितात. सासऱ्यांनी बीपीची चुकवली की सासूबाईच ओरडतात.

मीठपाणी

मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी फार चढतो, कधी फार उतरतो. त्यावरच्या लिथियम या औषधावर आहे. नव्या लोकांसाठी : रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी तपासतात. म्हणजे सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर घ्यायची. लॅबवाल्याला हे ठाऊक असेलच असं धरू नका. थायरॉइड आणि किडनीचीही अधूनमधून तपासणी लागते. उलट्या-जुलाब झाले, उन्हात फार घाम गेला, पाणी कमी पडलं की पातळी वाढू शकते. हात जास्त थरथरायला लागले, तोल जायला लागला, जीभ अडखळली तर लगेच दवाखाना. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक परस्पर घ्यायचं नाही. निर्जळी एकादशीही बंद केली. आईने ते विठोबाला परस्पर कळवलंय.

टोपणनाव बदलून

गोळ्यांनी शरीरसंबंधांवर परिणाम होतो. डॉक्टर विचारत नाहीत, आपण बोलत नाही, आणि माणूस गुपचूप गोळी सोडतो. मी बायकोला बाहेर बसायला सांगून विचारलं. औषध बदलून मिळालं. विचारा.

चिंगी

वरच्या प्रतिसादाला जोडून, बायकांसाठी. लग्न ठरलं असेल, मूल हवं असेल किंवा पाळी चुकली असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. मला मूड स्थिर ठेवणारी व्हॅल्प्रोएट ही गोळी होती. तिने पोटातल्या बाळाला गंभीर धोका असतो, हे मला लिहून देताना कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या गडबडीत मीच विषय काढला तेव्हा कळलं. अर्थात घाबरून आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर पर्याय देतात.

स्पष्टवक्ता

सगळं गोडगोड चाललंय म्हणून लिहितो. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता भराभर गोळ्या लिहिल्या. निदान काय विचारलं तर म्हणाले, ‘नेट बघू नका.’ फी मात्र घसघशीत. आणि विम्याचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा म्हटलंय, पण बहुतेक पॉलिसी दाखल झालात तरच पैसे देतात. ओपीडी आपल्या खिशातून.

धागाकर्ती

@स्पष्टवक्ता, असे डॉक्टर बदलावेत. दुसरीकडे जाताना आधीच्या चिठ्ठ्या न्या, नाहीतर तेच औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. त्याच कायद्याने आपल्या उपचारांची कागदपत्रं मागायचा हक्क आहे.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट

गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ लिहितात, आम्ही नाही. आमच्याकडे बोलण्याचे उपचार आणि चाचण्या. पुष्कळांना दोन्ही लागतात. आमची नोंदणी आरसीआयकडे (भारतीय पुनर्वसन परिषद) असते, नंबर विचारला तर राग येत नाही. नुसती ‘समुपदेशन केंद्र’ पाटी बघून आत शिरू नका. तुम्ही बोललेलं ऑफिसला किंवा मामा-काकांना कळवत नाही. जिवाला धोका असेल तेव्हा अपवाद.

उद्या पहिली वेळ

सगळं वाचलं. उपाशी जायचं असतं का? मी १९ वर्षांची आहे, घरी सांगितलेलं नाही. चालतं का?

धागाकर्ती

अगं, पोटभर खाऊन जा. १८ पूर्ण आहेत, तुझी तू जाऊ शकतेस. ओपीडीत दाखवायला आईबाबांची सही लागत नाही. एखादी मैत्रीण सोबत ने. आपण कसे दिसतो-वागतो ते दुसरं माणूस जास्त नीट सांगतं. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं ने, आयुर्वेदिक आणि जिमची पावडरसुद्धा. आज रात्री फारच जड गेलं तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. किती वाजताची आहे?

उद्या पहिली वेळ

साडेअकरा.

नाशिककर

म्हणजे साडेबारा धरा. चार्जर न्या.